विसर्जन घाटावरचा गाळ क्ष-किरणांखाली नेताना

गाळाची ओली पिशवी टेबलावर ठेवून नवा विद्यार्थी विचारतो, ‘‘सर, याचं एक्सआरडी करून मिळेल का?’’ एक्सआरडी म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून खनिजे ओळखण्याचे तंत्र. माझा उलट प्रश्न ठरलेला असतो, ‘‘त्यात शोधायचं काय आहे?’’ बहुतेक वेळा उत्तर येते, ‘‘प्रदूषण.’’ प्रदूषण नावाचे खनिज नसते आणि त्या नावाचे मूलद्रव्यही नसते, त्यामुळे कोणतेही यंत्र ते दाखवू शकत नाही. पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा भूशास्त्र शिकून आलेल्या आणि क्ष-किरणांच्या तंत्रांशी पहिल्यांदाच गाठ पडणाऱ्या संशोधकासाठी हा लेख आहे. उदाहरण मुद्दाम एकच घेतले आहे, ते म्हणजे गणेशोत्सवानंतर नदीच्या विसर्जन घाटालगत साठणारा गाळ. हा नमुना घाटावरून उचलल्यापासून यंत्रात जाईपर्यंत आपल्याच हातून किती बदलू शकतो, हे या उदाहरणात फार स्पष्ट दिसते, आणि माझ्या अनुभवात नवोदितांच्या निम्म्याहून अधिक चुका यंत्राच्या दाराबाहेरच झालेल्या असतात.

आधी प्रश्न सुटा करावा

‘प्रदूषण’ या एका शब्दात येथे तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. मूर्तीतील प्लास्टर ऑफ पॅरिस गाळात उरले आहे का, हा खनिजाचा प्रश्न आहे. मूर्तीच्या रंगांतून शिसे, क्रोमियम किंवा बेरियम आले का, हा मूलद्रव्यांचा प्रश्न आहे. आलेले क्रोमियम त्रिसंयुजी आहे की विषारी षट्‌संयुजी, हा त्या मूलद्रव्याच्या रासायनिक अवस्थेचा प्रश्न आहे. प्रत्येक प्रश्नासाठी क्ष-किरणांचे तंत्र निराळे आहे.

रंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्ट्‌सबुर्ग येथील प्रयोगशाळेत हे किरण सापडले, तेव्हा त्यांचे स्वरूप ठाऊक नसल्याने त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. आपल्याकडे शाळेत अज्ञात संख्या ‘क्ष’ मानतात, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले, आणि इतका चपखल प्रतिशब्द विज्ञानाच्या परिभाषेत क्वचितच सापडतो. पुढे लाउए यांनी १९१२ मध्ये स्फटिकातून या किरणांचे विवर्तन होते, म्हणजे ते ठराविक दिशांनाच जोरात विखुरले जातात, हे दाखवले. ब्रॅग पितापुत्रांनी त्याचे साधे गणित मांडले : स्फटिकातील अणूंच्या दोन थरांमधील अंतराची दुप्पट गुणिले किरण त्या थराशी जो कोन करतो त्याची ज्या, ही राशी तरंगलांबीच्या पूर्ण पटीत आली की त्या कोनात परावर्तित किरण एकमेकांना बळ देतात आणि आलेखावर शिखर उभे राहते. हे झाले एक्सआरडी, म्हणजे खनिज ओळखण्याचे तंत्र. क्ष-किरणांनी अणूतील आतला इलेक्ट्रॉन उडवला की त्या जागी वरचा इलेक्ट्रॉन उतरतो आणि त्या मूलद्रव्याच्या खास ऊर्जेचा किरण बाहेर पडतो. या खास ऊर्जांचा अणुक्रमांकाशी असलेला संबंध मोझली यांनी १९१३ मध्ये दाखवला, आणि त्यावर एक्सआरएफ हे मूलद्रव्ये मोजण्याचे तंत्र उभे आहे. तिसरे तंत्र शोषणाच्या वर्णपटाचे. त्याकडे शेवटी येऊ.

एक मर्यादा येथेच नोंदवून ठेवावी. गाळासारख्या मिश्रणात एखादे खनिज वजनाने एक-दोन टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नेहमीच्या एक्सआरडीत ते सहसा दिसत नाही. शिसे गाळात असते ते दशलक्ष भागांत काही दहा किंवा काही शे भाग. एक्सआरडीत शिशाचे शिखर दिसले नाही म्हणून शिसे नाही असे लिहिलेला प्रबंध परीक्षक पहिल्याच पानावर परत करील, आणि ते योग्यच होईल.

घाटावर

गाळ उचलण्यापूर्वी तीन जागा ठरवाव्यात : विसर्जनाची जागा, तिच्या वरच्या अंगाला जेथे विसर्जन होत नाही अशी जागा, आणि खालच्या अंगाला पाणी संथ होते अशी एक जागा. शक्य असेल तर उत्सवाच्या आधीही एक फेरी करावी, कारण ‘आधी’चा नमुना नंतर कोणत्याही पैशाने मिळत नाही. वरच्या अंगाचा नमुना अनेकांना औपचारिकता वाटतो. तो का अपरिहार्य आहे ते एक्सआरएफच्या भागात दिसेल. घाटाजवळ बांधकामाचा राडारोडा टाकलेला असेल तर त्याची ठळक नोंद करावी, कारण फॉल्स सीलिंगच्या तुकड्यांतूनही जिप्समच येते आणि आलेखाला दोन्हींतला फरक कळत नाही.

प्रत्येक जागी चार-पाच ठिकाणचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर प्लास्टिकच्या चमच्याने घेऊन एकत्र करावा. लोखंडी खुरपे वापरू नये. त्याचा गंज आणि कधी त्याचा रंग नमुन्यात उतरतो. पिशवीवर बॉलपेनने लिहिलेले नाव ओल्या हाताने पुसले जाते, म्हणून जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने तारीख, जागा आणि क्रमांक लिहून ती चिठ्ठी आतल्या आणि बाहेरच्या पिशवीच्या मध्ये ठेवावी. क्रोमियमच्या अवस्थेचा प्रश्न असेल तर एक वेगळी लहान बाटली तोंडापर्यंत भरून, हवा न ठेवता, बर्फाच्या डब्यात ठेवावी.

याच फेरीत एक काम आणखी करावे, जे पुस्तकांत सहसा लिहिलेले नसते. मूर्तिकाराच्या कारखान्यात जाऊन चिमूटभर प्लास्टर, चिमूटभर शाडू आणि वापरातल्या रंगांचे थोडे थोडे नमुने मागून घ्यावेत. पेणच्या परिसरात किंवा आपल्याच शहरात असे कारखाने असतात आणि नीट सांगितले तर बहुतेक जण आनंदाने देतात. हे सुटे नमुने यंत्रात स्वतंत्रपणे मोजले की गाळाच्या आलेखात कोणती शिखरे शोधायची, हे अंदाजाऐवजी पुराव्याने ठरते.

वाळवणे : येथेच घात होतो

माझ्या उमेदवारीच्या काळात मी घाटावरचा गाळ आणून रात्रभर १०५ अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये ठेवला, कारण मातीतील ओलावा मोजण्याच्या कार्यपद्धतीत तेच तापमान दिलेले होते. दुसऱ्या दिवशी आलेखात १४.७ अंशांवर बॅसनाइटचे ठसठशीत शिखर आले. बॅसनाइट म्हणजे कच्चे, पाणी न प्यालेले प्लास्टर. ते पाण्यात पडूनही जिप्सम का झाले नाही, यावर मी दोन पाने सिद्धांत लिहिला. रंगाच्या थराने ते पाण्यापासून वाचले असावे, असा काहीसा. आमच्या तंत्रज्ञांनी आलेखाकडे एकदा पाहिले आणि विचारले, ‘‘ओव्हन कितीवर होता?’’

प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावून जिप्सम होते आणि जिप्सम तापवले की पाणी सोडून पुन्हा प्लास्टरच्या रूपात जाते. प्लास्टर बनवण्याची कृतीच मुळी ती आहे. मी प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये प्लास्टरचा छोटा कारखाना चालवला होता. त्यामुळे असा गाळ सावलीत पसरून किंवा फार तर ४० अंशांवर वाळवावा. दोन-तीन दिवस जास्त लागतात. ते लागू द्यावेत. ओलावा मोजण्यासाठी १०५ अंशांचे तापमान हवेच असेल, तर त्यासाठी वेगळा भाग काढून घ्यावा आणि तो पुढे खनिजांसाठी वापरू नये.

दुसरा सापळा पाण्याचा. बारीक कण वेगळे करण्यासाठी गाळ भरपूर ऊर्ध्वपातित पाण्याने चाळणीतून धुण्याची पद्धत आहे आणि चिकणमातीच्या अभ्यासात ती चांगलीच आहे. परंतु जिप्सम लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमहून थोडे अधिक विरघळते. दहा ग्रॅम गाळ चार-पाच लिटर पाण्याने धुतला, तर ज्याच्या शोधात निघालो तेच आपण मोरीत ओतलेले असते. येथे चाळणी कोरडीच करावी, आणि तीही नायलॉनच्या जाळीची, कारण पितळी चाळणीतून तांबे आणि जस्त येते व ते एक्सआरएफमध्ये इमानेइतबारे मोजले जाते.

चाळलेल्या गाळाचा कागदावर शंकू करावा, तो चपटा करून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून बाकीचे बाजूला काढावेत, आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हे करीत राहावे. पिशवीत वरून चमचा घालून घेतलेला भाग संपूर्ण पिशवीचा प्रतिनिधी नसतो. जड कण तळाशी बसलेले असतात. मग अकीकाच्या खलात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून हलक्या हाताने घोटावे. कणांचा अंदाज घेण्याची कसोटी स्वयंपाकघरातली आहे : भुकटी दोन बोटांत चोळली असता रव्यासारखी लागली तर घोटणे बाकी आहे, कणकेसारखी लागली तर जवळ आलो, आणि मैद्यासारखी झाली की थांबावे. यापुढे जोर लावून घोटत राहिल्यास घर्षणाच्या उष्णतेने जिप्सम पुन्हा पाणी सोडू लागते आणि शिखरेही बसकी होतात.

एक्सआरडीच्या खोलीत

यंत्राची दारे उघडली की किरण आपोआप थांबतात, आणि ही कुलूपव्यवस्था कोणत्याही कारणाने बंद करायची नसते. भारतात या बाबतीतले नियम अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवते; सामान्य नागरिकासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे, तर किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट. बंदिस्त, नीट देखभाल केलेल्या यंत्रापाशी काम करणाऱ्याला या आकड्यांच्या जवळपासही जाण्याचे कारण नाही. क्ष-किरण निर्माण करणाऱ्या नळीच्या बेरिलियमच्या खिडकीला मात्र कधीही बोट लावू नये. ती विषारीही आहे आणि नाजूकही. विभागात यंत्र नसेल तर आयआयटी मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठ यांसारख्या संस्थांच्या सामायिक उपकरण केंद्रांत शुल्क भरून नमुने देता येतात, आणि देशभरातील उपकरणांचा शोध आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर घेता येतो. नमुना पाठवताना केवळ ‘एक्सआरडी’ एवढेच न लिहिता खालच्या चार गोष्टी लिहून पाठवाव्यात, नाहीतर तेथला तंत्रज्ञ त्याच्या नेहमीच्या मांडणीवर मोजून देईल आणि त्यात त्याचा दोष नसेल.

पहिली गोष्ट नळीची. बहुतेक यंत्रांत तांब्याची नळी असते आणि तिच्या मुख्य किरणाची ऊर्जा सुमारे ८.०५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. लोहाच्या आतल्या कवचातून इलेक्ट्रॉन उडवायला ७.११ पुरतात. दख्खनच्या काळ्या पाषाणात लोहाच्या ऑक्साइडचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर असते, आणि आपल्या नद्यांचा गाळ त्याच पाषाणाचा भुगा आहे. त्यामुळे तांब्याच्या किरणांनी गाळातले लोह स्वतःच चमकू लागते आणि आलेखाची पार्श्वभूमी इतकी वर चढते की लहान शिखरे त्यात बुडून जातात. अनेक विद्यार्थी याला ‘नमुना अस्फटिकी आहे’ असे समजतात. उपाय तीन आहेत : शोधकासमोर (डिटेक्टरसमोर) मोनोक्रोमेटर, म्हणजे एकाच ऊर्जेचे किरण पुढे जाऊ देणारे साधन, असलेले यंत्र मागावे, ऊर्जा निवडणारा शोधक असेल तर त्याची मर्यादा लोहाच्या ६.४० च्या वर ठेवायला सांगावे, किंवा कोबाल्टची नळी मिळाली तर उत्तमच, कारण तिच्या किरणाची ऊर्जा ६.९३ असल्याने लोह जागेच होत नाही. कोबाल्ट वापरले तर सर्व कोन बदलतात, हे मात्र विसरू नये. या लेखातले कोन तांब्याच्या १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे आहेत, आणि आलेखावर असतात तसे ते दुप्पट कोन (२θ) आहेत. ब्रॅग यांच्या गणितात त्यांचा निम्मा कोन घालावा.

दुसरी गोष्ट नमुना बसवण्याची. भुकटी तबकडीच्या काठाशी अगदी समपातळीत हवी. ०.१ मिलिमीटर वर किंवा खाली राहिली तरी शिखरे सुमारे ०.०५ अंशांनी सरकतात. काचेच्या पट्टीने वरून दाबून घासले की पत्र्यासारखे चपटे कण आडवे झोपतात आणि काही शिखरे अवाजवी उंच होतात. जिप्सम त्यांपैकीच आहे. म्हणून तबकडी पालथी ठेवून मागून भरावी. भुकटी कमी असेल तर ॲल्युमिनियमच्या तबकडीची स्वतःची शिखरे ३८.५ आणि ४४.७ अंशांवर उगवतात. ‘धातुरूप ॲल्युमिनियमचे प्रदूषण’ असा निष्कर्ष मी एका मसुद्यात वाचलेला आहे.

तिसरी गोष्ट मोजणीची : ५ ते ७० अंश, ०.०२ अंशाचे पाऊल, प्रत्येक पावलाला एक सेकंद, म्हणजे ३२५० पावले आणि जवळजवळ एक तास. नव्या पट्टी-शोधकांत हेच काम काही मिनिटांत होते. ज्या शिखरावर निष्कर्ष अवलंबून आहे, त्याच्या आसपासचा १० ते १५ अंशांचा भाग मात्र पुन्हा सावकाश मोजून घ्यावा. चौथी गोष्ट म्हणजे मूळ आकडेवारीची फाइल मागून घ्यावी. नुसते चित्र कामाचे नाही.

आलेख हातात आला की सर्वप्रथम क्वार्ट्‌झ म्हणजे गारगोटीचे शिखर शोधावे. नदीच्या गाळात थोडे तरी क्वार्ट्‌झ बहुधा असतेच. ते २६.६४ अंशांवर यायला हवे. २६.७२ वर आले असेल तर नमुना वर बसलेला आहे, आणि बाकीची सर्व शिखरेही त्याच दिशेला सरकलेली आहेत. त्यानंतर जिप्समकडे वळावे. त्याचे पहिले ठळक शिखर ११.६ अंशांवर येते, म्हणजे थरांतील अंतर सुमारे ७.६ अँगस्ट्रॉम. केओलिनाइट या चिकणमातीच्या खनिजाचे शिखर १२.४ वर असते. दोन्हींची गल्लत करण्याइतकी ती जवळ नाहीत, पण सरकलेल्या आणि घाईने मोजलेल्या आलेखात गल्लत झालेली मी पाहिली आहे. जिप्समची पुढची शिखरे २०.७ आणि २९.१ वर येतात, आणि येथे खरी कसोटी लागते, कारण २०.८६ वर क्वार्ट्‌झ बसलेले असते आणि २९.४ वर कॅल्साइट. म्हणून एका शिखरावरून खनिज जाहीर करू नये. तिन्ही शिखरे आपापल्या जागी आहेत का, निदान क्वार्ट्‌झच्या आणि कॅल्साइटच्या शिखराला त्या बाजूला खांदा दिसतो का, हे पाहावे, आणि कारखान्यातून आणलेले प्लास्टर पाणी घालून घट्ट करून घेतलेला आलेख शेजारी ठेवावा.

संगणकावरची शोध-जुळणी हे उपयोगी पण उतावळे साधन आहे. त्याला मोकळे सोडले तर ते गाळात दुर्मिळ मृदांची संयुगेही शोधून देते. एक्सआरएफमध्ये जी मूलद्रव्ये आढळली तेवढीच शोधात ठेवावीत. म्हणजे एक्सआरएफ आधी आणि एक्सआरडीचा अर्थ लावणे नंतर, हा क्रम बरा. संदर्भासाठी क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेस विनामूल्य आहे, आणि प्रमाण काढण्यासाठी रीटव्हेल्ड यांच्या १९६९ च्या पद्धतीवर चालणारे जीसॅस-टू, प्रोफेक्स यांसारखे संगणकीय कार्यक्रमही विनामूल्य मिळतात. पहिल्या महिन्यात मात्र कागदावर पट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन दहा शिखरांचे अंतर स्वतः काढावे. दोन तासांचे काम आहे.

एक्सआरएफ : आकडा आणि त्याचा अर्थ

भुकटीची दाबून वडी करावी. सैल भुकटीवर हलकी मूलद्रव्ये फार कमी मोजली जातात. यंत्र काही मिनिटांत तीस-चाळीस मूलद्रव्यांचा तक्ता देते आणि हा तक्ता पाहून नवोदिताला सगळे काम संपल्यासारखे वाटते. तक्ता आला म्हणून मूलद्रव्य आहेच असे नाही. शिशाची मुख्य रेषा १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर आणि आर्सेनिकची १०.५४ वर असते. शोधकाला हा फरक दिसत नाही. शिसे भरपूर असेल तर यंत्र त्यातले थोडे आर्सेनिकच्या खात्यावर टाकते. म्हणून शिसे १२.६१ च्या रेषेवरून मोजले आहे का, हे तंत्रज्ञाला विचारावे. आपल्या उदाहरणात आणखी एक जोडी त्रास देते : रंगात भरणा म्हणून वापरल्या जाणाऱ्या बेरियम सल्फेटमधील बेरियमची रेषा ४.४७ वर, आणि दख्खनच्या पाषाणात मुबलक असलेल्या टायटॅनियमची ४.५१ वर. बेरियम खरोखरच आहे का हे ठरवायचे तर त्याची ३२ च्या आसपासची रेषा पाहावी, आणि त्यासाठी नळीचा विद्युतदाब ५० किलोव्होल्टच्या घरात हवा.

आता वरच्या अंगाच्या नमुन्याचा मुद्दा. अनेक निबंधांत गाळातील धातूंची तुलना जगाच्या सरासरी शेल खडकाशी, म्हणजे चिकणमातीपासून बनलेल्या थरांच्या खडकाशी, करून ‘तांब्याचे तीव्र प्रदूषण’ असे जाहीर केलेले असते. सरासरी शेलमध्ये तांबे दशलक्ष भागांत ४५ भाग धरतात. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते मुळातच १०० च्या वर सहज असते. क्रोमियम, व्हॅनेडियम आणि टायटॅनियमचेही थोड्याफार फरकाने असेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ओतल्या गेलेल्या लाव्ह्याचा दोष आपण यंदाच्या उत्सवावर ढकलत असतो. तुलना त्याच नदीच्या वरच्या अंगाच्या गाळाशी करावी, आणि तीही धातूचे ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढून, म्हणजे एका जागी चिकणमाती जास्त व दुसऱ्या जागी वाळू जास्त असल्याचा परिणाम निघून जातो. यंत्राची खातरजमा करण्यासाठी ज्ञात घटकांचा प्रमाणित बेसाल्ट प्रत्येक खेपेला मोजावा. हवाईच्या बेसाल्टचा बीएचव्हीओ-२ हा नमुना त्यासाठी जगभर वापरतात. घाटावर शिसे आणि क्रोमियम दोन्ही एकत्र वाढलेले दिसले, तर पिवळ्या रंगातील लेड क्रोमेटची शंका रास्त ठरते. लेड क्रोमेटमधील क्रोमियम षट्‌संयुजी असते, आणि ते त्याच अवस्थेत उरले आहे का हे एक्सआरएफ सांगू शकत नाही.

इंदूरपर्यंत जायचे असेल तर

क्रोमियमची अवस्था ठरवण्यासाठी शोषणाच्या वर्णपटाचे ते तिसरे तंत्र लागते. त्यात क्ष-किरणांची ऊर्जा थोडी थोडी वाढवत नमुना किती शोषतो हे मोजावे लागते, आणि तितका प्रखर व हवी ती ऊर्जा देणारा स्रोत म्हणजे सिंक्रोट्रॉन. भारतात तो इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. तेथील इंडस-२ या वलयात इलेक्ट्रॉन २.५ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरत असतात. तेथे वेळ मिळवण्यासाठी लेखी प्रस्ताव द्यावा लागतो आणि त्याची छाननी होते. ‘गाळाचा अभ्यास’ एवढे लिहून भागत नाही. एक्सआरडी व एक्सआरएफचे निकाल, क्रोमियमचे प्रमाण, संदर्भासाठी कोणती शुद्ध संयुगे नेणार आणि एका नमुन्याला किती वेळ लागेल, हे सर्व त्यात हवे.

धातुरूप क्रोमियमच्या शोषणाची पायरी ५९८९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास चढू लागते, संयुगांत ती त्याहून वर सरकते. षट्‌संयुजी क्रोमियम असेल तर ५९९३ जवळ एक अणकुचीदार शिखर पायरीच्या अलीकडेच उभे राहते. त्रिसंयुजीत तेथे जेमतेम उंचवटा असतो. त्या शिखराच्या उंचीवरून, शुद्ध लेड क्रोमेट आणि क्रोमियम ऑक्साइड यांची मिश्रणे मोजून, प्रमाण काढता येते. बर्फात ठेवलेली बाटली यासाठीच होती, कारण ओल्या गाळातील सेंद्रिय द्रव्य षट्‌संयुजी क्रोमियमला हळूहळू त्रिसंयुजी करते. आणि नेमके हेच काम प्रखर किरणही करू शकतात. म्हणून एकाच जागेवर लागोपाठ चार-पाच मोजण्या घ्याव्यात, पहिला आणि शेवटचा आलेख एकावर एक ठेवून पाहावेत, आणि ५९९३ चे शिखर खेपेगणिक बुटके होताना दिसले तर नमुना दोन मिलिमीटर सरकवून, किरण मंद करून, पुन्हा पहिल्यापासून मोजावे.